समाजशास्त्रात प्रयोग करता येतो का? भाड्याच्या घराविषयी एक शंका

संशोधनार्थी

नमस्कार. मी एम.ए. समाजशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि पुढच्या सत्रात मला लघुप्रबंध सादर करायचा आहे. पुण्यात शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी येणाऱ्या तरुणांना भाड्याचे घर मिळवताना आडनावावरून वेगळी वागणूक मिळते का, हा माझा विषय आहे. दोन वर्षांपूर्वी थोरल्या भावाबरोबर घर शोधत फिरताना तो मनात आला. फोनवर "या, बघून जा" म्हणणारे घरमालक आडनाव विचारल्यानंतर "कालच दिले" असे सांगत, आणि आठवड्याभराने त्याच घराची जाहिरात पुन्हा दिसे. परंतु नकाराचे कारण आडनाव होते, की दादा अविवाहित होता हे, की त्याची नोकरी नवी होती हे, याचा उलगडा आम्हाला कधीच झाला नाही.

शंभर घरमालकांना प्रश्नावली द्यावी, असे माझ्या मार्गदर्शकांचे मत आहे. मला मात्र वाटते की घरभाड्याच्या संकेतस्थळावर जाहिरात देणाऱ्यांना एकाच मजकुराचे, फक्त आडनाव वेगळे असलेले संदेश पाठवावेत आणि कोणाला उत्तर येते ते मोजावे. याला प्रयोग म्हणता येईल का? आमच्या क्रमिक पुस्तकात प्रायोगिक पद्धतीला जेमतेम दीड पान दिले आहे. त्यात हॉथॉर्न कारखान्यातील प्रयोगांचा उल्लेख आहे आणि मानवी समाजावर प्रयोग करणे शक्य नसल्यामुळे समाजशास्त्रात ही पद्धत फारशी वापरली जात नाही, असे सांगून विषय संपवला आहे. हे खरे असेल तर माझी कल्पनाच बाद होते. खरे नसेल तर अशा प्रयोगातून मी काय सिद्ध करू शकेन आणि कोणता दावा करू नये, हे जाणकारांनी कृपया सांगावे. साठ संदेश पाठवण्याची माझी तयारी आहे.

निवृत्त_अध्यापक

तुमच्या पुस्तकातील विधानाला मोठी परंपरा आहे. समाजशास्त्रज्ञाला घटना आपल्या इच्छेनुसार घडवून आणता येत नाहीत, म्हणून तुलना हाच त्याच्यासाठी अप्रत्यक्ष प्रयोगाचा मार्ग आहे, अशी मांडणी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम याने १८९५ मध्ये केली होती. ती मांडणी त्या काळाला धरून होती. परंतु त्यानंतर सव्वाशे वर्षांत प्रयोग प्रयोगशाळेबाहेर पडून रस्त्यावर, कचेरीत आणि वर्गात आला, याची दखल आपल्या बहुतेक क्रमिक पुस्तकांनी घेतलेली नाही. शिकवताना मला स्वतःला ही उणीव फार जाणवत असे.

तुमच्या दादाच्या अनुभवाकडेच पाहा. आडनाव, अविवाहित असणे आणि नोकरीचा नवेपणा या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या ठायी एकत्र आल्या होत्या, म्हणून नकाराचे कारण वेगळे काढता आले नाही. अशी शंभर माणसे गोळा करून त्यांच्या अनुभवांची नोंद केली, तरी अडचण बऱ्याच अंशी तशीच राहते, कारण आपल्या समाजात आडनाव, उत्पन्न, शिक्षण, बोलण्याची ढब आणि ओळखीपाळखी एकमेकांत गुंतलेल्या असतात. प्रयोगात संशोधक हा गुंता स्वतःच्या हाताने सोडवतो. संदेश तोच, वय तेच, नोकरी तीच. आडनाव तेवढे वेगळे आणि कोणते आडनाव कोणत्या घरमालकाकडे जाईल हे चिठ्ठी टाकून ठरवलेले. असे केल्यावर उत्तरांत जो पद्धतशीर फरक पडेल, तो आडनावामुळेच पडला असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला मिळतो. यालाच अंतर्गत सप्रमाणता म्हणतात आणि या बाबतीत प्रयोगाची बरोबरी करणारी दुसरी पद्धत आपल्याकडे नाही.

प्रश्नावलीबद्दलची माझी शंका निराळी आहे. रिचर्ड लापिएर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकाच्या आरंभी एका चिनी जोडप्याबरोबर मोटारीने अमेरिकेचा प्रवास केला. चिनी लोकांविषयी त्या काळी तेथे उघड आकस होता. तरीही त्यांनी भेट दिलेल्या २५१ हॉटेलांपैकी आणि उपाहारगृहांपैकी केवळ एका ठिकाणी त्यांना नाकारण्यात आले. सहा महिन्यांनंतर त्याच ठिकाणांना पत्र पाठवून चिनी पाहुण्यांना प्रवेश द्याल का असे विचारले, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी नाही असे कळवले. काटेकोरपणे पाहिले तर हा प्रयोग नव्हे, कारण त्यात तुलनेसाठी वेगळा ठेवलेला नियंत्रित गट नव्हता आणि पत्राला उत्तर देणारी व्यक्ती दारात स्वागत करणारीच होती असेही नाही. परंतु माणूस सांगतो एक आणि वागतो दुसरे, ही गोष्ट त्यातून ठळकपणे पुढे आली. तुमच्या घरमालकांच्या बाबतीत ही तफावत उलट दिशेची असण्याचा संभव आहे: प्रश्नावलीत जातीचा विचार करतो असे कोण लिहून देणार?

तुम्ही योजलेल्या आराखड्याला दोन मोठे आधार आहेत. पहिला अमेरिकेतला. डेव्हा पेजर यांनी मिलवॉकी शहरात उमेदवाराची भूमिका करणाऱ्या तरुण परीक्षकांना प्रत्यक्ष नोकऱ्या मागायला पाठवले आणि निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध केले. एक जोडी गोऱ्या तरुणांची होती आणि एक कृष्णवर्णीयांची. जोडीतील कोणी तुरुंगवास भोगल्याचे सांगायचे हे आळीपाळीने बदलत असे, म्हणजे एखाद्याच्या व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव निकालावर पडू नये. एकूण ३५० ठिकाणी अर्ज झाले. गुन्ह्याची नोंद नसलेल्या गोऱ्या तरुणाला ३४ टक्के आणि नोंद असलेल्याला १७ टक्के ठिकाणांहून पुन्हा बोलावणे आले. कृष्णवर्णीयांत हेच प्रमाण अनुक्रमे १४ आणि ५ टक्के होते. तुरुंगात जाऊन आलेल्या गोऱ्याची स्थिती निष्कलंक कृष्णवर्णीयापेक्षा बरी होती, ही गोष्ट केवळ मुलाखतींच्या आधारे मांडली असती, तर तिच्यावर कोणी सहज विश्वास ठेवला नसता.

दुसरा आधार आपल्या देशातला आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००५ पासून ६६ आठवडे वर्तमानपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता समान आणि नावे मात्र उच्चजातीय हिंदू, दलित आणि मुस्लिम अशी निरनिराळी ठेवली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार उच्चजातीय नावाच्या तुलनेत पुढच्या टप्प्यावर पोहोचण्याचे शक्यता-गुणोत्तर दलित नावाच्या बाबतीत ०.६७ आणि मुस्लिम नावाच्या बाबतीत ०.३३ होते (१ म्हणजे समान संधी, १ पेक्षा कमी म्हणजे तितकी कमी संधी).

हॉथॉर्नबद्दल थोडक्यात लिहितो. शिकागोजवळच्या त्या कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात जे प्रयोग झाले, त्यांतून निरीक्षण होत असल्याच्या जाणिवेनेच माणसाचे वागणे बदलते, हा धडा पाठ्यपुस्तकांत रूढ झाला. मूळ आकडेवारीच्या नंतरच्या फेरविश्लेषणांत तो परिणाम सांगितला जातो तितका स्पष्ट आढळलेला नाही. तुमच्या प्रयोगाला मात्र त्या दोषाची बाधा नाही, कारण आपण अभ्यासाचा विषय आहोत हे घरमालकाला ठाऊकच नसते. याची किंमत दुसऱ्या बाजूने चुकवावी लागते: त्याची संमती घेतलेली नसते.

मुलाखतवही

सरांच्या विवेचनाबद्दल आदर ठेवून मी काही हरकती नोंदवते. माझे स्वतःचे काम मुलाखतींचे आणि सहभागी निरीक्षणाचे आहे, त्यामुळे माझा कल कोणत्या बाजूला आहे हे आधीच सांगितलेले बरे.

प्रयोगात तुम्ही जात बदलत नाही, आडनाव बदलता. ही दोन एकच आहेत असे धरून चालणे महाराष्ट्रात विशेष धोक्याचे आहे. जाधव, पवार, गायकवाड, मोरे ही आडनावे एकाहून अधिक जातींत आढळतात. वाचणारा त्यातून कोणती जात गृहीत धरेल हे त्याच्या गावावर आणि त्याच्या परिचयाच्या माणसांवर अवलंबून असते. कुलकर्णी किंवा शेख वाचून बहुतेकांचा अंदाज एकच होईल, पण मधल्या फार मोठ्या पट्ट्यात तसे होणार नाही. शिवाय आडनावाबरोबर घरमालकाच्या मनात आर्थिक स्थितीचे, आहाराचे आणि मूळ प्रदेशाचे चित्रही उभे राहते. मग उत्तरातील फरक नक्की कशामुळे पडला? सर म्हणतात की आडनावामुळेच पडला असे म्हणण्याचा अधिकार मिळतो. मला ते मान्य आहे, परंतु आडनावामुळे म्हणजे कशामुळे, हा प्रश्न प्रयोगानंतरही शिल्लक राहतो आणि समाजशास्त्राचे खरे काम माझ्या मते तेथून सुरू होते.

थोरात आणि अ‍ॅटवेल यांच्या अभ्यासाबरोबर, त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी कंपन्यांत माणसे नेमणाऱ्या व्यवस्थापकांच्या घेतलेल्या मुलाखतीही वाचायला हव्यात. आम्ही जात पाहत नाही, गुणवत्ता पाहतो, असे त्या व्यवस्थापकांनी सांगितले. आणि त्याच व्यवस्थापकांनी उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमी विचारणे मात्र आवश्यक मानले. वडील काय करतात, भावंडे किती शिकली, घर कोठे आहे, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नांतून निवड कशी घडते हे तेथे दिसते. भेदभाव होतो हे अर्जांच्या प्रयोगाने दाखवले. तो गुणवत्तेच्या भाषेत कसा बोलला जातो हे मुलाखतींनी दाखवले. एकाने दुसऱ्याचे काम झाले नसते.

दुसरी हरकत निष्कर्षाच्या व्याप्तीची आहे. अमेरिकेतील मिनियापोलिस येथे १९८१-८२ मध्ये घरगुती हिंसाचाराच्या तक्रारींवर एक प्रयोग झाला. आरोपीला अटक करायची, काही तासांसाठी घराबाहेर पाठवायचे की केवळ समज द्यायची, हे पोलिसाने ठरवायचे नव्हते. ते चिठ्ठीच्या तत्त्वावर ठरलेले होते. ३१४ प्रकरणांच्या विश्लेषणात पोलिसांच्या नोंदींनुसार सहा महिन्यांत पुन्हा हिंसा होण्याचे प्रमाण अटकेनंतर १० टक्के, समज दिल्यानंतर १९ टक्के आणि बाहेर पाठवल्यानंतर २४ टक्के आढळले. निष्कर्ष १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अनेक शहरांतील पोलीस खात्यांनी अटकेचे धोरण स्वीकारले. त्यानंतर इतर शहरांत हाच प्रयोग पुन्हा केला गेला, तेव्हा ओमाहा, शार्लट आणि मिलवॉकी येथे तो परिणाम टिकला नाही. बेरोजगार आरोपींच्या बाबतीत तर अटकेनंतर हिंसा वाढल्याचे दिसले. ज्याला नोकरी आणि प्रतिष्ठा गमावण्याचे भय आहे त्याच्यावर अटकेचा धाक बसतो, आणि ज्याच्याजवळ गमावण्यासारखे काही नाही तो आणखी चिडतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले गेले. पहिला प्रयोग अप्रामाणिक नव्हता. त्याचे उत्तर त्या शहरापुरते खरे होते, आणि मधल्या काळात धोरणाचे परिणाम ज्या स्त्रियांना सोसावे लागले त्यांना कोणी विचारले नव्हते.

आणखी एक गोष्ट नमूद करते. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावातील कुटुंबांची घडी कशी बदलली, स्त्रियांवर घर चालवण्याचा भार कसा आला, तरुण मुले कोठे गेली, हे प्रश्न चिठ्ठ्या टाकून सोडवता येणारे नाहीत. काळ आणि इतिहास ज्यात गुंतलेला आहे असे समाजशास्त्रातील बहुतेक मोठे प्रश्न याच जातीचे असतात. म्हणून तुमच्या पुस्तकातील विधान मी सर्वस्वी चुकीचे म्हणणार नाही.

निवृत्त_अध्यापक

गिरणगावाबद्दलचा मुद्दा निःसंशय बरोबर आहे. मात्र माणसांमधील नात्यांना प्रयोगाचा स्पर्शच होऊ शकत नाही, असा वाचकांचा समज होऊ नये म्हणून एक उदाहरण जोडतो. मॅथ्यू लो यांनी उत्तर प्रदेशात निरनिराळ्या जातींच्या १,२६१ तरुणांना घेऊन क्रिकेटच्या साखळी स्पर्धा भरवल्या; कोण स्पर्धेबाहेर राहील, कोण एकजातीय संघात खेळेल आणि कोण मिश्र संघात, हे चिठ्ठीने ठरवले. एकाच संघात खेळलेल्यांमध्ये जातीपलीकडच्या मैत्री वाढल्या. प्रतिस्पर्धी म्हणून समोरासमोर आलेल्यांत तसे झाले नाही. लोकांना एकत्र आणले की दुरावा आपोआप कमी होतो, या आपल्याकडील भाबड्या समजुतीला यातून महत्त्वाची दुरुस्ती मिळते. नुसते निरीक्षण केले असते तर ज्यांचे मन आधीच मोकळे होते तेच मिश्र संघात गेले असते आणि कारण व परिणाम यांची सरमिसळ झाली असती. ती मैत्री पाच वर्षांनंतर, लग्नाच्या किंवा निवडणुकीच्या प्रसंगी किती टिकेल, हे एक महिन्याची स्पर्धा सांगू शकत नाही, हेही तितकेच खरे आहे.

सांख्यिकी_कोल्हापूर

मी आकडेमोडीपुरते लिहितो, कारण साठ संदेश ही संख्या वाचून मला काळजी वाटली.

दिल्लीतील भाड्याच्या घरांविषयी दोन अभ्यास तुमच्या विषयाच्या अगदी जवळचे आहेत. एक थोरात आणि सहकाऱ्यांचा, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यात दूरध्वनीवरून तसेच प्रत्यक्ष भेटून घरांची चौकशी केली गेली आणि दलित व मुस्लिम या दोघांनाही वेगळी वागणूक मिळाल्याचे आढळले. दुसरा सौगतो दत्ता आणि विक्रम पाठानिया यांचा, २०१६ मधला; त्यात संकेतस्थळावरून घरमालकांशी संपर्क साधण्यात आला. उच्चजातीय हिंदू नावाला उत्तर मिळण्याची शक्यता ०.३५ आणि मुस्लिम नावाला ०.२२ आढळली, परंतु अनुसूचित जातींच्या नावांबाबत भेदभावाचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. शहर तेच, प्रश्न तोच, तरी उत्तर अंशतः वेगळे आले. माझ्या मते त्याची कारणे संपर्काच्या माध्यमात, तेथे जाहिरात देणाऱ्या घरमालकांच्या वर्गात आणि मोजलेल्या टप्प्यात शोधावी लागतील. संदेशाला उत्तर देणे म्हणजे घर देणे नव्हे. नकार डिपॉझिट ठरवतानाही येऊ शकतो, आणि तो तुमच्या मोजणीत दिसणारच नाही.

आता संख्येकडे वळू. ०.३५ आणि ०.२२ एवढा मोठा फरक खरोखर अस्तित्वात असला, तरी ५ टक्के सार्थकता पातळीवर (फरक नसताना तो दिसण्याची शक्यता ५ टक्के) आणि ८० टक्के सामर्थ्याने (असलेला फरक सापडण्याची शक्यता ८० टक्के) तो पकडण्यासाठी प्रत्येक आडनावामागे साधारण १९० घरमालक लागतात. तुमच्याकडे प्रत्येकी ३० असतील. अशा वेळी फरक आढळला नाही, तर भेदभाव नाही असा अर्थ काढण्याचा मोह होईल आणि तो अर्थ चुकीचा असेल. म्हणून आडनावे दोनच ठेवा आणि संदेश वाढवा. एकाच घरमालकाला दोन्ही नावांनी संदेश पाठवल्यास कमी संख्येत भागते, पण दोन सारख्या मजकुरांमुळे त्याला संशय येण्याची शक्यता वाढते.

मुलाखतवहीताईंच्या आडनावाच्या मुद्द्यावर प्रयोगाच्या चौकटीतही थोडा उपाय आहे. आधी वीस-पंचवीस लोकांना आडनावांची यादी दाखवून त्यांचा अंदाज विचारा आणि ज्यांच्याबद्दल एकमत होते तीच वापरा. आहाराचा संशय वेगळा काढायचा असेल, तर निम्म्या संदेशांत "आम्ही शाकाहारी आहोत" हे वाक्य घाला आणि निम्म्यांत घालू नका. दोन आडनावे आणि ही दोन रूपे मिळून चार गट होतील. ते वाक्य असताना आडनावांतील अंतर नाहीसे झाले, तर कारण आहाराशी जोडलेले आहे असे मानायला आधार मिळेल. अंतर कायम राहिले, तर शाकाहाराची अट हे केवळ सभ्य निमित्त असू शकते. मात्र दोन फरकांमधील फरक मोजण्यासाठी संख्या आणखी कितीतरी वाढवावी लागते, हे ध्यानात ठेवा.

संशोधनार्थी

सर्वांचे मनापासून आभार. प्रत्येक आडनावामागे १९० ही संख्या वाचून आधी धीर खचला, पण जाहिराती पाहिल्यावर तीन महिन्यांत चारशे संदेश अशक्य नाहीत असे वाटते. चार गटांचा विचार मी तूर्त सोडते. दोन आडनावे, एकच मजकूर आणि मोजमाप फक्त पहिल्या उत्तराचे, असे ठेवते आणि शीर्षकातही तेवढाच दावा करते. त्यासोबत दहा-बारा एजंटांच्या मुलाखती घेईन, कारण घरमालकाने न सांगितलेली अट एजंटला माहीत असते, हे दादाबरोबर फिरताना मी पाहिले आहे.

एक शंका उरते. माझ्या खोट्या संदेशाला एखाद्या घरमालकाने मनापासून उत्तर दिले आणि माझ्यासाठी घर राखून ठेवले, तर त्याचे नुकसान होईल. हे मला योग्य वाटत नाही.

मुलाखतवही

हा प्रश्न तुम्हाला पडला याचे समाधान वाटले. अमेरिकेतील येल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रॅम यांनी १९६१ मध्ये सुरू केलेल्या प्रयोगांत समोरच्या माणसाला विजेचे झटके देत आहोत अशी सहभागींची समजूत करून दिली होती. एका सुप्रसिद्ध फेरीत ४० पैकी २६ जण अखेरच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले, आणि त्यातील अनेकांना झालेला मानसिक त्रास पुढे संशोधनाच्या नैतिक नियमांच्या चर्चेत सतत आठवला गेला. तुमची फसवणूक त्या मानाने सौम्य आहे, तरी ती फसवणूकच आहे. म्हणून विद्यापीठाच्या नैतिकता समितीची लेखी परवानगी आधी घ्या. उत्तर आले की त्याच दिवशी "दुसरीकडे व्यवस्था झाली, आभारी आहे" असे कळवा. घर पाहण्याची वेळ कधीही ठरवू नका. नोंदवहीत घरमालकाचे नाव आणि क्रमांक न लिहिता केवळ परिसर, भाड्याची रक्कम, संदेशाची वेळ आणि उत्तर एवढेच ठेवा.

मुलाखती घेताना एजंटांना मात्र आपली खरी ओळख आणि हेतू सांगा. त्यांची संमती घेता येण्यासारखी आहे, म्हणून ती घ्यायलाच हवी. संदेशांचे काम पूर्ण झाल्याशिवाय त्या परिसरातील एजंटांशी बोलू नका, नाही तर बातमी घरमालकांपर्यंत जाईल आणि चारशे संदेशांची मेहनत वाया जाईल.